टप कापायचा की नाही?

वाचकाचं पत्र: "आमच्याकडे साध्या, बुटक्या टपाची व्हॅन आहे. तिची कॅम्पर करायचं काम अर्धवट झालंय. मागे दुमडता येणारा बेड बसलाय, ओटा आणि कपाटं बाकी आहेत. मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी असे आम्ही तिघं. मला पॉप-टॉप (मुक्कामाला वर उचलायचा, कापडी भिंतींचा टप, आत वर एक बेड) बसवून घ्यायचाय, कारण आत सतत वाकून पाठ धरते आणि मुलगी मोठी होतेय, तिघं एका बेडवर मावत नाही. नवरा म्हणतो, धडधाकट गाडीचा टप कापायचा म्हणजे आपल्या हातानं तिची वाट लावायची. गळेल, खडखडेल, अपघातात चेपेल. त्यापेक्षा पक्का उंच टप बसवू, नाहीतर टपावर तंबू टाकू, असं त्याचं म्हणणं. गाडी इमारतीच्या तळघरात उभी असते आणि आत शिरताना उंचीचा दांडा आहे. आम्ही पावसापाण्याचंही बाहेर पडतो. पॉप-टॉप बसवणारा म्हणतो, 'दोन दिवसांत देतो.' शिवाय मुलीला वर एकटीला झोपवायचं का, हाही प्रश्न आहेच. काय करावं?"

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. तुमच्या गाडीला पॉप-टॉप बसवावा असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र तुमचे मिस्टर जे प्रश्न विचारतायत त्यांची उत्तरं कागदावर मिळेपर्यंत गाडीला कटर लागता कामा नये. त्यांची भीती अनाठायी नाही. टप कापायला निघालेल्या प्रत्येक घरात असं विचारणारं एक माणूस असावंच, कारण एकदा कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा जोडता येत नाही.

पॉप-टॉपचं काम एवढंच, की गाडी चालवताना आणि उभी करताना ती बुटकी राहावी आणि मुक्कामाला पोचल्यावर उंच व्हावी. ज्यांना ही दोन्ही रूपं लागत नाहीत त्यांनी तो बसवू नये. उघड्यावर गाडी लावणारं, कडाक्याच्या थंडीतही महिनोन् महिने फिरणारं जोडपं असेल तर त्यांना पक्क्या उंच टपाची गाडी जास्त सुखाची. एकटा माणूस, जो गाडीत फक्त रात्रीपुरती पाठ टेकतो, त्याला मूळ टपात एक जाळीची खिडकी बसवली तरी पुरते. तुमचं तसं नाही. तळघरात शिरायचं म्हणजे बुटकं राहणं भाग आहे, आणि तिघांनी झोपायचं म्हणजे वरचा मजला हवाच. या दोन्ही अटी एकदम पाळणारी दुसरी सोय मला दिसत नाही.

मिस्टरांनी सुचवलेले पर्याय नीट तपासून बघू. पक्का उंच टप म्हणजे फायबरचा कायमचा घुमट. त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आत इन्सुलेशन भरता येतं, कापड नसल्यामुळे ओलीची कटकट नाही, वरच्या कप्प्यांत अंथरूण-पांघरूण राहतं, मध्यरात्री वारा सुटला तरी झोपमोड होत नाही. पण तो बसवतानाही मूळ टप कापावाच लागतो. कापाकापी टाळायची म्हणून तो निवडायचा, तर कापाकापी काही टळत नाही. आणि गाडी कायमची उंच झाली की तळघराचा दांडा आडवा येणार, तो येणारच.

टपावरच्या तंबूचं म्हणाल तर तो खरोखरच काही कापत नाही, आणि गाडी विकताना काढून ठेवता येतो. पण चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालेल याची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. तंबू आणि कॅरियर मिळून त्यातला मोठा हिस्सा खातात. बंद करून ठेवलेल्या तंबूचीही जाडी असते, म्हणजे दांड्याचा प्रश्न पुन्हा उभा. रात्री पाऊस कोसळत असताना मुलीला बाथरूमला जायचं झालं तर तिनं बाहेरच्या ओल्या शिडीवरून उतरायचं. आणि तुमच्या पाठीचं काय? आतली उंची तर तेवढीच राहिली.

तेव्हा पॉप-टॉप. पण पहिलं काम टेप घेऊन तळघरात जायचं. फोक्सवॅगनची कॅलिफोर्निया नावाची कॅम्पर कारखान्यातूनच पॉप-टॉप घेऊन येते आणि बंद असताना तिची उंची जेमतेम २ मीटर भरते. पार्किंगच्या दांड्याखालून जाता यावं हे अशा गाड्यांचं मोठं बलस्थान आहे. मागाहून बसवलेला टप मात्र मूळ टपापेक्षा काही सेंटिमीटर वर बसतो. किती, ते प्रत्येक बनावटीनुसार बदलतं. बसवणाऱ्याकडून बंद टपाची जमिनीपासूनची उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. त्यावर सोलर पॅनेल किंवा छत्रीवजा पंखा बसवणार असाल तर तोही धरा. मग दांडा मोजा, आणि तेवढ्यावर थांबू नका. दांड्याच्या पुढे आत पाण्याचे पाइप, आग विझवण्याच्या फवाऱ्याच्या तोट्या, बीम असं काय काय लटकत असतं. शिवाय उतार जिथे संपतो तिथे गाडीची पुढची चाकं खाली सपाटीवर आणि मागची अजून चढावर असतात, त्यामुळे टपाचा मागचा भाग छताच्या जास्त जवळ जातो. सपाटीवर चार बोटं जागा दिसली म्हणून तिथेही ती उरेल असं नाही. ती जागा नेमकी मोजा.

तळघरात असतानाच आणखी एक गोष्ट बघून ठेवा. तिथे उभ्या गाडीचा टप पूर्ण वर करता येईल का? बहुधा नाही येणार. हे का विचारतेय ते पुढे पावसाच्या मुद्द्यावर कळेल.

आता कापण्याकडे वळू, कारण तुमच्या घरातला वाद खरा तिथे आहे. गाडीचा टप म्हणजे नुसतं पावसापासूनचं झाकण नव्हे. वरचा पत्रा, त्याखालून एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत गेलेल्या आडव्या पट्ट्या आणि दोन्ही कडांच्या पोकळ तुळया हे सगळं मिळून गाडीचा सांगाडा ताठ ठेवतं. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून खोकं दोन्ही हातांनी पिळून बघा, म्हणजे मिस्टरांना कशाची धास्ती आहे ते लगेच समजेल. पॉप-टॉपसाठी मधला पत्रा आणि त्याखालच्या काही आडव्या पट्ट्या जातात. त्या बदल्यात त्या जागी पोलादी चौकट बसवतात, जी कापलेल्या कडेला चहूबाजूंनी चिकटवलेली आणि बोल्टनं आवळलेली असते. जे काढलं त्याचं काम या चौकटीनं करायचं असतं. म्हणून पॉप-टॉप विकत घेताना वरचा फायबर, रंग, कापडाचा पोत यांकडे नंतर बघा. तुम्ही खरी विकत घेताय ती ही चौकट.

बसवणाऱ्याला भेटाल तेव्हा विचारा, की ही चौकट नेमक्या आमच्या मॉडेलसाठी बनवलेली आहे का, आमच्या चाकांमधल्या अंतराच्या गाडीसाठी आहे का, आणि तिची चाचणी झालीये का. चाचणी झाली असेल तर तो अहवाल अभिमानानं दाखवेल. 'आजवर कोणाची तक्रार नाही' हे उत्तर आलं तर समजायचं, की चाचणी झालेली नाही. मागच्या सीटांचे पट्टे कुठे अडकवलेत तेही बघा. काही गाड्यांत मधल्या सीटचा पट्टा वरून, टपाच्या बाजूनं येतो. तुमची मुलगी ज्या सीटवर बसणार तिच्या पट्ट्याचा आधार या कामात हलणार असेल तर तो कुठे आणि कसा बसवणार, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कडेच्या तुळयांमध्ये पडदा-एअरबॅग असू शकते. अपघातात खिडकीवर उलगडणारी ती लांब पिशवी टपाच्या कडेला गुंडाळून ठेवलेली असते. तुमच्या गाडीत ती असेल तर तिच्या आसपास भोक पाडणं, आतलं अस्तर घट्ट चिकटवून तिची वाट बंद करणं हे प्रकार जिवावर बेततील. बसवणाऱ्याला आपणहून हे ठाऊक असलं पाहिजे. तुम्हाला ते सांगावं लागलं तर दुसरं दार गाठा. तसंच मागच्या लोकांसाठीच्या एसीची वाहिनी टपाच्या अस्तरातून जात असेल तर ती कापली जाणार. तिची पर्यायी वाट आधी ठरवा, नाहीतर पुढची सीट गार आणि मुलगी मागे घामाघूम.

'दोन दिवसांत देतो' याबद्दल. सराईत माणसांकडे हे काम खरंच दोन-तीन दिवसांत उरकतं, त्यामुळे निव्वळ त्या वाक्यावरून त्याला वाईट ठरवू नका. त्या दोन दिवसांत काय काय होतं ते विचारा. पत्रा कापला की उघड्या कडेवर गंजरोधक प्रायमर लावून तो वाळू द्यावा लागतो. ही कड पुढे सीलंटखाली कायमची झाकली जाते. तिथे गंज धरला तर दोन-तीन वर्षांनी रंग फुगून वर येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. चिकटवायला सहसा पॉलियुरेथेनचं गोंद वापरतात. ते हवेतल्या दमटपणावर घट्ट होतं आणि जाड थर आतपर्यंत आवळायला दिवस लागतात, कोरड्या थंड हवेत आणखी जास्त. गाडी लगेच खड्ड्यांतून पळवायची की काही दिवस सांभाळून चालवायची, हे त्यानं सांगायला हवं.

एक विनंती आवर्जून करा: अस्तर चढवण्याआधी मला काम बघायला बोलवा. तेव्हा आत शिरून, टॉर्च कडेच्या समांतर धरून वर बघा. कापलेली कड हाताला सलग लागते का करवतीचे दात राहिलेत? प्रायमरचा रंग पूर्ण कडेवर दिसतो का, का मधे मधे चमकता उघडा पत्रा आहे? चौकट आणि पत्रा यांच्या फटीतून गोंद सगळीकडे सारखा बाहेर डोकावतोय का? कोपऱ्यांत कापताना चीर पुढे गेलीये का? कोपरे गोलाईत कापलेले हवेत, कारण काटकोनी कोपऱ्यातूनच पत्रा पुढे फाटत जातो. कापताना उडालेली लोखंडाची बारीक कीस गाडीच्या रंगावर आणि खाचांमध्ये राहिली तर काही दिवसांत तिथे तांबूस ठिपके उमटतात. ती झटकून, पुसून काढलीये ना तेही बघा. चांगला कारागीर या पाहणीला खुशीनं तयार होतो, कारण अस्तराखाली झाकलं जाणारं त्याचं काम एरवी कोणी बघतच नाही.

हे सगळं समाधानकारक असेल तर मिस्टरांच्या 'चेपेल' या भीतीला रास्त उत्तर मिळालं. गाडी कारखान्यातून आली तशीच तंतोतंत राहील असं मी म्हणणार नाही. पण चाचणी झालेली, त्याच मॉडेलची, नीट चिकटवलेली चौकट आणि अंदाजपंचे वाकवून जोडलेले अँगल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चाचणी झालेली चौकट मिळत नसेल तर माझाही निकाल बदलतो. मग टप जसा आहे तसा ठेवा आणि मुलीपुरता गाडीला लागून उभारायचा तंबू घ्या.

पाठीकडे येऊ. पॉप-टॉप वर गेला की आत सगळीकडे उभं राहता येतं असं चित्र डोळ्यांसमोर असतं, आणि इथे बऱ्याच जणांची निराशा होते. टप एका टोकाला बिजागरीवर असेल तर पूर्ण उंची फक्त दुसऱ्या टोकाला मिळते. मधे तिरकं आणि बिजागरीपाशी जवळजवळ काहीच नाही. इंग्लंडमधल्या जुन्या डॉर्मोबाइल गाड्यांचा टप एका कुशीवर उघडायचा. त्यात उंची एका बाजूला मिळायची. चारही कोपरे सरळ वर जाणारे टपही असतात. त्यात आत मोकळं वाटतं, पण सांधे जास्त आणि वाऱ्याला अंगही जास्त. तुमचा ओटा अजून बसायचा आहे, हे तुमचं भाग्यच. टप कुठल्या टोकाला उंच होणार ते आधी ठरवा आणि ओटा त्याच्याखाली घ्या. गाडीच्या फरशीवर चिकटपट्टीनं ती जागा आखा, तिच्यात उभं राहून भांडं उचलायची, वळायची, कपाट उघडायची नक्कल करा. दोघांनी करा, कारण उंची दोघांची वेगळी.

आणि हेही लक्षात असू द्या, की वरचा बेड झोपण्यासाठी खाली पाडला की खालची उभं राहायची जागा गेली. बेडची फळी वर ढकललेली असते तेवढा वेळच उभं राहायचं. म्हणजे मुलगी नऊला झोपणार आणि तुम्ही त्यानंतर भांडी आवरणार असाल तर पुन्हा वाकणं आलंच. फळी अर्धीच दुमडते अशी रचना मिळाली तर घ्या. कामांचा क्रम बदलूनही भागतं. पण हे आधी माहीत असलेलं बरं.

आता पाऊस. पॉप-टॉपचं कापड दोन जातींचं मिळतं. एक, सुती किंवा सुतीमिश्रित कॅनव्हास: हवा खेळती राहते, आत कोंदट होत नाही, पण भिजलं की वाळायला वेळ लागतो. दुसरं, प्लास्टिकचा लेप दिलेलं: पाणी अडवण्यात पक्कं, पुसलं की झालं, पण आतून दव धरतं. झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. ते कुठेतरी जमणार, आणि सगळ्यांत गार जागा म्हणजे कापड आणि त्याचे खिळे-पट्ट्या. म्हणून पाऊस असला तरी वाऱ्याच्या आडोशाची एक जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवायची. मला विचाराल तर तुमच्यासारख्या पावसात फिरणाऱ्यांनी लेप दिलेलं कापड घ्यावं आणि हवेसाठी तीन बाजूंना चेनच्या खिडक्या करून घ्याव्यात.

खरी कसोटी असते मुक्काम हलवायच्या सकाळी. रात्रभर पाऊस पडलाय, कापड बाहेरून ओलं, आतून दमट. टप खाली ओढताना ते आत दुमडलं जातं आणि वरच्या गादीवर येऊन बसतं. टप खाली घेण्याआधी एक दार किंवा खिडकी उघडी ठेवा, म्हणजे आतली हवा निघून जाते आणि कापड फुगून बाहेर जात नाही. मग दोघांपैकी एकानं बाहेरून गाडीभोवती एक फेरी मारायची. कापडाचा कोपरा टप आणि गाडीच्या मधे सापडलेला दिसला तर पुन्हा वर करून आत सारायचा. त्या चिमटीत सापडलेलं कापड एका प्रवासात फाटतं, आणि ओल त्यातूनच आत झिरपते. लोक 'पॉप-टॉप गळतो' म्हणतात त्यातल्या कित्येक गळत्या अशा सुरू होतात. ओला बंद केलेला टप घरी पोचल्यावर शक्यतो दुसऱ्याच दिवशी उघडून पूर्ण वाळवायला हवा, नाहीतर घड्यांमध्ये काळी बुरशी धरते आणि तिचे डाग जात नाहीत. म्हणूनच तळघराचं छत बघायला सांगितलं. तिथे टप उघडता येणार नसेल तर गाडी वाळवायला उघड्यावर कुठे लावायची ती जागा आत्ताच नक्की करा. तशी जागाच नसेल तर पावसाळी सहलींना मुरड घालायची तयारी हवी. तुमच्या बाबतीत पॉप-टॉपला विरोध करणारं सगळ्यांत सबळ कारण हेच आहे. कापण्यापेक्षाही.

वाऱ्याचं थोडक्यात. उघडा टप वाऱ्यात फडफडतो, झोप उडवतो आणि फारच जोर असेल तर सांध्यांवर ताण येतो. गाडी लावताना टपाची बुटकी बाजू वाऱ्याकडे करा, निम्मा त्रास जातो. पण वादळी रात्री टप खाली घ्यावाच लागेल, आणि तेव्हा तिघं कुठे झोपाल? वरचा मजला नेमका गरजेच्या रात्री नाहीसा होतो, याचा विचार आधी करून ठेवा. पुढच्या दोन सीटांवर आडवी टाकायची, दांड्यांवर ताणलेल्या कापडाची मुलांची झोळी-खाट मिळते. तिच्यावर लिहिलेली वजनाची आणि लांबीची मर्यादा बघून घ्या. तुमच्या मुलीला ती किती वर्षं पुरेल ते त्यावरूनच कळेल. थंडीचंही तेच. कापड ऊब धरत नाही आणि गरम हवा वर जाऊन तिथूनच निसटते. टपाला बाहेरून घालायचं जाड कवच मिळतं, त्यानं फरक पडतो, पण बोचऱ्या थंडीत वर झोपणाऱ्याला जाड स्लीपिंग बॅग लागणारच. उकाड्यात मात्र हाच टप सुख देतो. वरच्या जाळ्या उघडल्या की कोंडलेली गरम हवा निघून जाते.

वजनाकडे लोक कानाडोळा करतात. चौकट, फायबर, बेडची फळी, गादी मिळून चांगलंच वजन वाढतं, आणि तेही गाडीच्या माथ्यावर. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते, ते ध्यानात घेऊन चालवायचं. पॉप-टॉपचं नेमकं वजन विचारून घ्या आणि कपाटांची ऑर्डर देण्याआधी गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. तिघांचं वजन, पाण्याची टाकी (एका लिटरला एक किलो), बॅटरी, सामान हे सगळं धरून कागदपत्रांतल्या कमाल वजनाच्या आत बसायला हवं. जड लाकडी कपाटांचा मोह असेल तर आवरा, हलक्या प्लायची करा. वर सोलर पॅनेल टाकणार असाल तर टप उचलणाऱ्या गॅसच्या दांड्यांना ते झेपेल का हेही विचारा. थंडीत त्यांचा जोर कमी होतो आणि वर्षांनुवर्षांनी ते बसतातच. बदलताना जोडीनं बदलायचे.

नोंदणी आणि विमा या दोन गोष्टी कामाआधी. गाडीच्या सांगाड्यात बदल केला की बहुतेक देशांत परवानगी किंवा तपासणी लागते आणि कागदपत्रांत नोंद करावी लागते. तुमच्याकडचा नियम नोंदणी कार्यालयातून समजून घ्या, बसवणाऱ्याच्या तोंडी भरवशावर राहू नका. विमा कंपनीला आधी कळवा आणि उत्तर लेखी घ्या. न कळवता टप कापला आणि पुढे दावा करायची वेळ आली तर तो फेटाळायला त्यांना आयतं निमित्त मिळेल. गाडी अजून वॉरंटीत असेल तर तोही खुलासा करून घ्या.

काम कधी करायचं, तर ओटा आणि कपाटं बसायच्या आधी, म्हणजे आत्ताच. नंतर केलं तर अस्तर, वायरिंग, वरचे कप्पे सगळं पुन्हा उतरवावं लागेल. पण त्याआधी पॉप-टॉपची एखादी कॅम्पर भाड्यानं घेऊन दोन रात्री काढा, आणि मुद्दाम पावसाळी हवा बघून काढा. टप मिस्टरांनी स्वतःच्या हातानं उघड-बंद करावा, तुम्ही आत स्वयंपाक करावा, मुलीनं वर झोपावं. घरी बसून महिनाभर घातलेल्या वादापेक्षा त्या दोन रात्रींत जास्त कळेल, आणि त्यानंतर तुमच्यापैकी कोणी 'नको' म्हटलं तर ते 'नको' मानायचं.

मुलीला वर झोपवायचं का? दुमजली खाटांच्या बाबतीत सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नये असं सर्वसाधारणपणे सांगतात. तुमची नऊ वर्षांची आहे, तेव्हा हरकत नाही. फक्त बेडच्या उघड्या बाजूला घट्ट अडकवायची जाळी हवी आणि उतरायला डगमगणारी नाही अशी शिडी. सुरुवातीच्या रात्री पुढच्या सीटवर पाय ठेवून उतरायची सवय तिला लागू देऊ नका, झोपेत तोच पाय चुकतो. खाली शेगडी पेटलेली असताना तिनं वर नसावं, कारण वाफ आणि धूर दोन्ही आधी वर जातात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत हवाच. टप खाली घेताना ती कुठे आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पट्टा ओढायचा नाही. आणि गाडी सुरू करण्याआधी टपाच्या दोन्ही कड्या लागल्यात का, हे बघायचं काम तिलाच द्या. तिनं दोन्ही कड्यांना हात लावून "लागल्या" म्हटल्यावरच किल्ली फिरवायची.